अट क्रमांक चौदा

"मालक आले!" मदतनीस शालनने दारातून आत हाक दिली आणि नंदकुमार साळवी पायरीवर चपला काढण्यात उगाचच वेळ घालवू लागले. एरवी स्वतःच्या घरी ते चालता चालता चपला भिरकावतात आणि त्यावरून बायकोची बोलणी खातात. पण महिन्याच्या एक तारखेला, सकाळी दहा वाजता, नेरूळच्या आपल्या जुन्या रो-हाउसच्या पायरीवर आले की त्यांच्या अंगात एक सावकाशपणा येई. आत लगबग चाललेली ऐकू येत होती. ती संपायच्या आधी आत जायचं नाही, एवढं त्यांना दीड वर्षात कळलं होतं.

ते आत गेले तेव्हा सगळं नेहमीसारखं होतं. जिथे पूर्वी त्यांचा सोफा आणि शोकेस होतं, त्या हॉलमध्ये पाच खाटा. आतल्या खोलीत चार. मधली भिंत भाडेकरू गीतांजलीने त्यांच्या परवानगीने अर्धी काढली होती, त्यामुळे दारात उभं राहिलं की नऊच्या नऊ खाटा दिसत. एक खाट रिकामी होती. बाकी आठांवर आठ म्हातारी माणसं ताठ बसली होती. केस विंचरलेले, चेहरे पुसलेले, चादरी गुडघ्यांवर नीट ओढलेल्या.

"काय, कसे आहात सगळे?" साळवींनी विचारलं.

"एकदम बेस!" दारापाशी बसलेले ज्ञानू आबा म्हणाले. वाशीच्या मार्केटात पस्तीस वर्षं गोणी वाहिलेला साताऱ्याचा माणूस. आवाज अजून खणखणीत होता. "तुमच्या घरात काय कमी हाय, मालक?"

त्यांच्या शेजारच्या, खिडकीजवळच्या खाटेवरच्या गोजरा आजीने नऊवारीचा पदर सारखा केला. ती जवळच्या दिवाळे गावची. तिचा मुलगा आणि सून पूर्वीच गेले होते. नातू निशांत जहाजावर असे आणि तिथून इथले पैसे पाठवी.

"मी बरी हाय मालक," ती म्हणाली. "दोन चपात्या खाल्ल्या सकाली. इचारा शालनला. आनि तुमची बायको कशी हाय? अजून मांदेलीच घेते का?"

हिच्या डोक्यावर वयाचा परिणाम झालाय, असं समजून साळवी प्रेमाने हसले आणि पुढे सरकले. प्रत्येक खाटेपाशी ते थांबत, चौकशी करत, आणि प्रत्येक जण आपण उत्तम असल्याचं सांगे. त्या घरात कुणाचाच गुडघा दुखत नव्हता, कुणालाच खोकला नव्हता. साळवींना हे नवलाचं वाटायला हवं होतं. त्यांना ते कौतुकाचं वाटत होतं.

त्याचं कारण सांगायला हवं. साळवी एकतीस वर्षं एका शाळेच्या कचेरीत क्लार्क होते, शेवटची नऊ वर्षं हेडक्लार्क. शाळेत शिक्षक वर्गात शिरले की पन्नास पोरं उभी राहत. एखादी नोटीस घेऊन साळवी शिरले की पोरं खुशाल बसून राहत, उलट मागच्या बाकावर बडबड सुरू होई. याबद्दल ते कधी कुणाजवळ बोलले नाहीत. पण निवृत्त झाल्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आठ-नऊ माणसं आपल्यासाठी ताठ बसतात हे पाहून त्यांना जे वाटे ते त्यांनी बंगळुरूच्या मुलाला, ऋषीला, फोनवर दोनदा सांगितलं होतं. "अरे, मी गेलो की काय मान देतात! घर दिलं ना आपण."

घर दिलं म्हणजे भाड्याने दिलं होतं, फुकट नव्हे. पण बोलताना साळवी 'भाड्याने' हा शब्द गाळत.

"पंढरीकाका कुठे दिसत नाहीत?" निघता निघता त्यांनी रिकाम्या खाटेकडे बघत विचारलं.

"हॉस्पिटलला शिफ्ट केलं, काका. एकोणतीस तारखेला," गीतांजली म्हणाली. ती पूर्वी नर्स होती. आता हे 'आजोळ' नावाचं वृद्धांचं शुश्रूषागृह चालवायची, आणि बोलताना समोरच्याकडे सरळ बघायची. आज ती चहाच्या कपाकडे बघत होती.

"बरं केलंत," साळवी म्हणाले, आणि चहा पिऊन करंजाड्याला परतले. बायकोच्या, मंजुषाच्या, गुडघ्यांसाठी त्यांनी तिकडे लिफ्टवाल्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. पंढरीकाकांचं पुढे काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही.

*

नेरूळचं घर दिलं तेव्हाचा भाडेकरार साळवींनी स्वतः टाईप केला होता. एजंटकडे छापील नमुना होता, पण एकतीस वर्षं परिपत्रकं टाईप केलेल्या माणसाला छापील नमुना कसा पुरणार? नमुन्यात तेरा अटी होत्या. साळवींनी चौदावी घातली.

'१४. सदर वास्तूमध्ये कोणत्याही निवासी व्यक्तीचे निधन होणार नाही याची संपूर्ण जबाबदारी परवानाधारकाची राहील. प्रकृती गंभीर झाल्यास सदर व्यक्तीस तत्काळ अन्यत्र हलविण्यात यावे.'

गीतांजलीने ते वाचलं आणि तिला हसू आलं. "काका, याची एक कॉपी यमाला पण पाठवा."

साळवींनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की त्यांची स्वतःची काही हरकत नाही, पण शेजारच्या उदयसिंहांचा फार आग्रह आहे, त्यांच्या घरात लहान मुलं आहेत. शिवाय पुढेमागे घर विकायचं झालं तर लोक चौकशी करतात. गीतांजलीला सात घरमालकांनी आधीच नाही म्हटलं होतं. तिला तळमजला हवा होता, रुंद दरवाजा हवा होता, आणि माणसं आधीच्या जागेतून महिनाअखेरीला बाहेर काढायची होती. तिने हसणं थांबवलं आणि सही केली. साळवींना त्या दिवशी आपण एक नाजूक विषय फार शहाणपणाने हाताळला असं वाटलं होतं. वाक्यरचनाही त्यांना आवडली होती.

*

पंढरीकाकांची खाट रिकामी दिसली त्याच महिन्याच्या सतरा तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास, उदयसिंहांचा फोन आला.

"साळवी, तुमची टाकी भरून वाहतेय. माझ्या पार्किंगमध्ये तळं झालंय. त्या मॅडम फोन उचलत नाहीत."

साळवींनी स्कूटर काढली. घराच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघराचं दार होतं आणि मोटरचं बटण त्या दाराला लागूनच. ते मागूनच आत शिरले, मोटर बंद केली. शालन गच्चीवर कपडे वाळत घालत होती. आलोच आहोत तर दोन मिनिटं सगळ्यांना भेटून जावं, म्हणून ते हॉलच्या दिशेने वळले. हाक द्यायला कुणी नव्हतं.

हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि सगळे आडवे होते. झोपले होते असंही म्हणता येणार नाही. पडले होते. ज्ञानू आबा पोटाशी पाय घेऊन कुशीवर पडले होते, तोंड उघडं, उशी ओली. आतल्या खोलीतली राहीबाई प्रत्येक श्वास सोडताना 'आई गं' म्हणत होती, अगदी हळू, जणू ती सवयच होती. फिनेलच्या वासाखालून लघवीचा वास येत होता. कपात ठेवलेल्या कवळ्या, खाटेखाली घसरलेली चादर, कुणाचे तरी सुजून चकाकणारे पाय. साळवी दीड वर्ष या घरात येत होते आणि यातल्या एकाही माणसाला त्यांनी आडवं पाहिलेलं नव्हतं.

ज्ञानू आबांनी डोळे उघडले. क्षणभर त्यांना काही उमजेना. मग ते दबक्या आवाजात म्हणाले, "मालक."

आवाज मोठा नव्हता, पण तो सगळीकडे पोचला. पायरीवर उभं राहून साळवींनी इतके महिने जी लगबग ऐकली होती, ती आता त्यांना डोळ्यांनी पाहावी लागली. आबांनी दुसऱ्या बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला मनगट धरून ओढून बसवलं. कुणी कवळी उलटी घातली, परत काढली, परत घातली. राहीबाईचं 'आई गं' मध्येच तोडल्यासारखं थांबलं, आणि तिने दोन्ही हातांनी आपला एक पाय उचलून खाटेखाली सोडला. कुणीतरी हाताच्या पंजाने केस चापून बसवत होतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट होती, आणि ती भीती होती.

गोजरा आजी मात्र उठू शकली नाही. तिच्या अंगावर नऊवारी नव्हती, विटका गाऊन होता. तिने खाटेचा कठडा धरला, मान उचलली, पडली. पुन्हा उचलली. साळवी पुढे झाले आणि त्यांनी तिच्या पाठीला आधार दिला. गाऊनमधून हाताला चटका बसला.

"आजी, तुम्हाला ताप आहे."

"नाय. उनाचा हाय तो."

"कसलं ऊन? तुम्ही घरात आहात."

"मी बरी हाय. जेवली पन." तिने त्यांचा हात धरला. पकड घट्ट होती. "मना चौदा नंबर लावू नको रे. तुजे पाया परते. मी बसते, बघ. बसली ना?"

साळवींना पहिल्यांदा कळलंच नाही. चौदा नंबर म्हणजे काय ते त्यांना आठवेना. आठवलं तेव्हा ते ज्ञानू आबांकडे बघू लागले. आबांनी नजर खाली घातली.

शालन रिकामी बादली घेऊन जिन्यावरून खाली आली आणि त्यांना पाहून जागीच थबकली. साळवींनी तिला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं.

"हे चौदा नंबर काय आहे?"

"काका, तुमीच लिवलंय की."

"ते मला माहीत आहे. यांना कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाह्यजे? त्यांना डोळे हायत. ज्याचं आता खरं नाय असं डाक्टर म्हनतो, त्याला गाडीत घालून नेत्यात. गेलेला एक बी परत येत नाय. त्यांनी ताईला इचारलं, का वो असं? ताई म्हनली, कागदात हाय, चौदा नंबरला. तवापास्नं ह्यांचं तसंच बोलनं. तिला चौदा नंबर लागला, त्याला चौदा नंबर लागला."

साळवी ओट्याला टेकले. हा ओटा मंजुषाने हट्टाने काळ्या ग्रॅनाइटचा बसवून घेतला होता.

"पंढरीकाका..." ते म्हणाले.

शालनने बादली खाली ठेवली. "पंढरीकाकांनी दाराची चौकट धरली व्हती. एक हात सोडवला की दुसरा धरायचे. म्हनायचे, मी बरा हाय, मला चालून दाखवू द्या. मीच सोडवला काका त्यांचा हात, ह्या हातानं. हास्पिटलात बेड मिळंना, म्हनून पॅसेजमदी स्ट्रेचरवर ठेवलं. तितंच गेले, दीड तासात. वरती पंखा बी नव्हता."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं नाय," शालन म्हणाली. ती भांडत नव्हती. "आता कुनी दुखनं सांगतच नाय. ताप आला तरी दडवत्यात. आजीला परवापास्नं ताप असनार, आज सकाळी मला कळला. ताई डाक्टरकडंच गेल्यात. आनि एक तारीख आली की बघायलाच नको. तुमी दहाला येता, मी चारला उठते. सगळ्यांची डोकी विंचरते. आबा तर आदल्या रात्रीची झोपंची गोळी घेत नाय. तुमी याल आनि हे डुलकी घेताना दिसतील म्हनून."

साळवींना ऋषीला केलेला फोन आठवला. 'काय मान देतात!' आपण हे बोललो, आणि एकदा नाही, दोनदा बोललो. तो मान नव्हता. दर महिन्याला आठ-नऊ मरणाच्या दारातली माणसं त्यांच्यापुढे परीक्षेला बसत होती, आणि ते चहा पीत पीत त्यांना पास करत होते.

हॉलमधून जाण्याची त्यांना हिंमत झाली नाही. ते मागच्या दारानेच बाहेर पडले.

*

"अहो, जेवताय की नुसतं चिवडताय?" रात्री मंजुषाने विचारलं.

साळवींनी सांगून टाकलं. सगळं सांगितलं, पण सुरुवात उदयसिंहांपासून केली, मग घर विकण्याचा मुद्दा, मग मंजुषालाही घरात मयत नको होती हा मुद्दा. ती ऐकत होती.

"मी म्हटलं होतं की लोकांना काय वाटेल ते बघा," ती म्हणाली. "एवढंच म्हटलं होतं. ते वाक्य तुमचं आहे. तुम्ही मला वाचूनही दाखवलं होतंत, दोनदा."

"हो."

"कोण आहे ती तापाची आजी?"

"गोजरा म्हणून आहे. दिवाळ्याची."

मंजुषाचा हात थांबला. "गोजरा? उंच, कपाळावर गोंदलेलं?"

साळवींना गोंदण आठवेना. महिन्याच्या महिन्याला त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं, पण आठवेना.

"मला विचारत होती, तुमची बायको अजून मांदेलीच घेते का. मला वाटलं, तिला भ्रम झालाय."

"भ्रम तुम्हाला झालाय!" मंजुषा म्हणाली. "तेरा वर्षं आपल्या दारात पाटी उतरवत होती ती. पापलेट परवडायचं नाही, म्हणून मी मांदेली घ्यायचे, आणि ती चिडवायची मला. ऋषीच्या वेळी मला काही पचत नव्हतं, तेव्हा पायरीवर बसून मला कालवं सोलून द्यायची, पैसे न घेता. तुम्ही ऑफिसला जाताना तिच्या पाटीला वळसा घालून जायचात, नाकाला रुमाल लावून."

ती उठली आणि ताटं उचलायला लागली. साळवींचं अर्धं जेवण अजून ताटात होतं, तरी तिने ते उचललं.

"त्याच पायरीवरून तिला उचलून न्यायचं ना आता?" ती आतून म्हणाली. "छान लिहिलंत."

साळवींना त्या रात्री फार लाज वाटली. शाळेत असताना एकदा फीच्या पावतीत चूक झाली होती आणि मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, तेव्हाही वाटली होती. पण तेव्हा चूक दुरुस्त करून कागद परत दिल्यावर लाज संपली होती. सकाळी उठल्याबरोबर आपणही कागद दुरुस्त करू, असं त्यांनी ठरवलं, आणि त्यावर त्यांना थोडी झोप लागली.

*

ते सकाळी पावणेअकराला पोचले, तेव्हा फाटकापाशी अँब्युलन्स उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून उदयसिंहांशी बोलत होता. साळवी स्कूटर लावायलाही न थांबता पुढे धावले.

"कुणाला न्यायचं नाही," ते म्हणाले. आवाज नको इतका चढला होता. "उदयसिंहराव, मी आधीच सांगतो. आजीला इथून हलवणार नाही. जे व्हायचं ते इथंच होईल. तुमची हरकत असेल तर ती माझ्यापाशी सांगा, त्या बाईंना बोलू नका."

उदयसिंह त्यांच्याकडे बघतच राहिले. "माझी कसली हरकत?"

"मयत होता कामा नये म्हणून तुम्हीच तर..."

"मी?" उदयसिंह म्हणाले. "मी म्हणालो होतो, गाडीचा भोंगा गल्लीत वाजवू नका, पोरगी दचकून उठते. एवढंच बोललो होतो बाबा. माझा म्हातारा माझ्याच घरात गेला, त्याच्या खोलीत आता पोरं अभ्यास करतात. माणूस घरात नाही मरायचा तर कुठं मरायचा?"

ड्रायव्हर दोघांकडे आळीपाळीने बघत होता. दीड वर्ष जे वाक्य ते उदयसिंहांच्या नावावर खपवत होते, ते मुळात कुणी उच्चारलंच नव्हतं. ते त्यांचं एकट्याचं होतं, सुरुवातीपासून.

गीतांजली दारात आली. रात्रभर जागी असावी.

"डॉक्टर काल येऊन गेले, काका. छाती पूर्ण भरलीय. हॉस्पिटलला नेऊन नळ्या घालण्यात अर्थ नाही म्हणाले. निशांतशी पण बोलले मी. तो म्हणतो, आजीला हलवू नका. पण तुमचं ॲग्रीमेंट आहे, आणि दोन महिन्यांनी रिन्यू करायचंय. मी काय करू? सात जणांना घेऊन जाऊ कुठे?"

साळवींनी पिशवीतून करार काढला. त्यांनी घरूनच अट क्रमांक चौदावर दोन रेघा मारून आणल्या होत्या, बाजूला सही, खाली तारीख. सवयीने 'रद्द' असा शिक्काही मारावासा वाटला होता, पण शिक्का नव्हता. गीतांजलीने कागद बघितला आणि घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवला.

"थँक्यू," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "हे फोनवर सांगितलं असतंत तरी चाललं असतं. केव्हाही."

तिने अँब्युलन्स परत पाठवली. साळवी आत गेले.

सगळे बसलेले होते. दारात गाडी आणि पाठोपाठ मालक, म्हटल्यावर बसणारच. गोजरा आजीला शालनने दोन उशा लावून टेकवलं होतं, पण साळवींना पाहताच तिने उशा सोडल्या आणि कठडा धरून पुढे झाली. श्वास घेताना तिच्या छातीत घरघर होत होती. कपाळावर गोंदण होतं. तीन ठिपके.

साळवी स्टूल ओढून तिच्यापाशी बसले.

"आजी, ती अट मी काढून टाकली. चौदा नंबर आता नाही. तुम्हाला कुठेही नेणार नाहीत."

"हां," आजी म्हणाली. "मी बरी हाय."

"बरं नसलं तरी चालेल. म्हणजे... हे तुमचंच घर आहे. तुम्ही आडव्या व्हा."

"हां हां. आता चाय प्याली मी."

"मंजुषानं तुमची आठवण काढली. मांदेलीवाली. ती येतेय संध्याकाळी."

आजीच्या चेहऱ्यावर ओळख आली. "शानी हाय ती बाय," ती म्हणाली. मग लगेच सावध झाली. "तिला सांग, गोजरा चांगली हाय. बसली व्हती म्हनावं."

साळवींनी गीतांजलीकडून कागद मागून आणला, आजीसमोर धरला, रेघा दाखवल्या. आजीला वाचता येत नव्हतं. तिने रेघांवरून बोट फिरवलं आणि कागद परत दिला.

"कागदाचा काय हाय मालक," ती दम खात खात म्हणाली. "आमचे शेताचा पन कागद व्हता. आज येक कागद, उद्या दुसरा. तुमी म्हनताव त खरा असल." आणि कठड्यावरची पकड तिने आणखी घट्ट केली.

साळवी उठले नाहीत. पटवूनच जायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी शपथ घेतली. आपल्या आईची गोष्ट सांगितली, तीही याच घरात, आतल्या खोलीत, कशी शांतपणे गेली ते सांगितलं. आणि सांगताना त्यांचं त्यांनाच कळलं, की स्वतःच्या आईला जे दिलं ते त्यांनी इतरांना टाईप करून नाकारलं होतं. आजी 'हां, हां' करत राहिली. तिच्या ओठांवर निळसर छटा आली होती. मान एका बाजूला कलायची, ती परत सरळ करायची. अर्धा तास झाला. तास होत आला. मध्येच एकदा ती त्यांच्याकडे बघून हसली, सगळं ठीक असल्याचं दाखवण्यासाठी.

शालन औषध घेऊन आली. तिने साळवींच्या खांद्याला हळूच स्पर्श केला.

"काका, तुमी जावा आता."

"तिला पटेपर्यंत बसतो."

"तुमी बसलाय तवर ती आडवी व्हायची नाय," शालन म्हणाली. "कुनीच व्हायचं नाय."

साळवींनी वळून पाहिलं. आठही खाटांवर माणसं ताठ बसलेली होती. ज्ञानू आबांचे डोळे मिटत होते आणि ते मांडीला चिमटा काढत होते. राहीबाईचे पाय खाटेखाली लोंबत होते, काळेनिळे. एक तासभर, हा माणूस एका म्हातारीजवळ बसून तिची माफी मागत होता तेवढा वेळ, ही सगळी माणसं तशीच बसून होती.

ते उठले. निरोपाचं काही बोलावं असं वाटलं, पण बोललं की उत्तर द्यायला त्यांना आणखी थोडं ताठ व्हावं लागलं असतं. ते काही न बोलता दारापर्यंत गेले आणि बाहेर आल्यावर दार ओढून घेतलं. पायरीवरून उतरतानाची पावलं आत ऐकू जातील अशी मुद्दाम वाजवली. फाटक उघडलं, आवाज करून बंद केलं, आणि तिथेच भिंतीला लागून उभे राहिले.

आत थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक खाट करकरली. थोड्या वेळाने दुसरी. मग दोन-तीन एकदम. कुणीतरी खोकलं, बराच वेळ दाबून ठेवलेला लांबलचक खोकला, आणि राहीबाईचं 'आई गं' पुन्हा सुरू झालं. सात खाटा झाल्या. खिडकीशी, गोजरा आजीच्या बाजूला, अजून काही वाजलं नव्हतं.

साळवी भिंतीला पाठ लावून, कान देऊन उभे राहिले.

आठवी खाट करकरली.